डाव्या टाचेचा इशारा

पोलीस ठाणे, वडूज. ता. १९ फेब्रुवारी १९४६, दुपारी सव्वातीन.

नाव आकाराम ज्ञानू शेडगे, वय ४२, धंदा चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवतो. पूर्वी घोडदळाच्या रिसाल्यात दफेदार. राहणार वडुजेपासून दोन कोसांवरच्या वाडीत.

समक्ष हजर होऊन सांगतो की, मला बाकावर बसायला दोनदा सांगितले. मी उभाच बरा. कारण पुढे येईल. जरा लवकर लिहावे, दिवस मावळायच्या आत काम आहे.

आमच्या वाडीचे इनामदार नानासो यांचा पारवा नावाचा चार वर्षांचा घोडा मी दीड वर्ष शिकवत आहे. दौडताना घोडा एका अंगाचा पुढचा पाय आघाडीला टाकतो. वळण बदलले की धावता धावताच तो पाय बदलावा लागतो, नाहीतर पायात पाय अडकतो. उजवीकडे वळायचे तर स्वाराने डावी टाच मागे नेऊन टेकवायची, डावीकडे तर उजवी. हा रिसाल्याचा रिवाज. पारवा पाय असा सफाईने बदली की बघणाऱ्याने बघतच राहावे. असे जनावर माझ्या हाताखाली दुसरे आले नाही.

आज सकाळी आठच्या सुमारास नानासोंचे चिरंजीव कृष्णात, वय २०, मळ्यात पहिल्यांदाच त्याच्यावर बसले. डावीकडचे वळण उत्तम झाले. उजवीकडे वळताना त्यांनी डावी टाच दिली. पारवा दचकला, पाय अडखळले आणि तो कृष्णातसह पडला. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. मोटारीत घालताना ते मला म्हणाले, "दफेदार, टाच बरुबर दिली हुती न्हवं?" मी मोटारीचे दार लावून घेतले.

नानासो म्हणाले, "जनावर खुनशी हाय. पोराला साताऱ्याला दवाखान्यात सोडून येतो आन् दिवस मावळायच्या आत गोळी घालतो. खुनशी हाय का न्हाई, आकाराम?" मी "व्हय जी" म्हणालो. तेव्हापासून तोंडात पाण्याचा घोट घेतलेला नाही.

खरी गोष्ट अशी. सरहद्दीवर गोळी लागल्यापासून माझा डावा गुडघा वाकत नाही. डावी टाच मागे जात नाही. लंगडतो हे सगळ्यांना दिसते, पण टाचेचे कळते तर नानासोंनी घोडा माझ्या हाती दिला नसता. म्हणून उजवीकडचे वळण मी पारव्याला जिभेच्या टकटकीवर शिकवले, आणि "दोन्ही अंगांनी टाचंवर चालतोय" असे तोंड वर करून सांगितले. डाव्या टाचेचा इशारा त्या मुक्या जिवाला ठाऊकच नाही. काल कृष्णातांना सांगायला गेलो होतो. ते म्हणाले, "दफेदार, तुमच्यावानी स्वार पंचक्रोशीत न्हाई." मी तसाच माघारी आलो.

नानासोंसमोर माझी जीभ पुन्हा लुळी पडेल, म्हणून हे कागदावर घ्यावे आणि शिपाई सायकलवरून धाडावा. येतानाच मला चार तास लागले, माझ्या पायाने मी वेळेत पोचणार नाही. शिक्षा द्यायची ती मला द्यावी.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "घोडा खुनशी असल्याने" असे पडले होते, ते खोडायला लावून "शिकवणाऱ्याने खोटे सांगितल्याने" असे घातले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही केली आहे. शिपाई अजून दारातच उभा आहे. आता किती वाजले?