एकेचाळीस नंबरची गाय

मार्लिस : आणि गाईंच्या तक्त्यावर हे एकेचाळीस नंबरपुढे कुणी लिहिलंय? एकेचाळीस तर आपण गेल्या पानगळीतच विकली ना?

ब्रिटा : बाबांनी लिहिलं असेल.

मार्लिस : तुझे बाबा? ट्रॅक्टरची किल्ली खिशात ठेवून घरभर शोधतात ते. हे अक्षर तुझं आहे ब्रिटा. "पाच तारीख, वैरण सोडली. सहा तारीख, उठत नाही. सात तारीख, उलटी." अगं, जन्मापासून गोठ्यात आहेस, गाय कधी उलटी करते का?

ब्रिटा : ही करते.

मार्लिस : फाजीलपणा पुरे. गुरांच्या डॉक्टरीणबाई पोचतील एवढ्यात. हा तक्ता बघून त्या सतरा नंबरला औषध देणार आणि तू इथं खेळ मांडलायस. कोण ही एकेचाळीस?

ब्रिटा : मी.

मार्लिस : काय?

ब्रिटा : मी आहे ती. रकाना रिकामाच होता. दर महिन्याचे माझे तीन दिवस लिहिलेत. सप्टेंबरपासून.

मार्लिस : देवा रे! अगं, दूध न्यायला येणारा टँकरवाला वाचतो हा तक्ता! पार लाजच सोडलीस का?

ब्रिटा : नऊ महिने भिंतीवर लटकलाय. कुणी वाचलं? तू रोज दोनदा बघतेस आई, सकाळच्या धारेला आणि संध्याकाळच्या धारेला. गाय विकली म्हणून त्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाहीस.

मार्लिस : मला तेवढाच उद्योग आहे का? साठ गाई आहेत.

ब्रिटा : तेच म्हणतेय. सतराने आज एका वेळची वैरण सोडली तर तू झोपायच्या कपड्यांवर धावत येऊन फोन केलास. मी काल बाथरूमच्या फरशीवर पडले होते, तर दाराबाहेरून म्हणालीस, "आटपलं का गं, वासरांना दूध पाजायचंय."

मार्लिस : मग पाजायचं नव्हतं का?

ब्रिटा : पाजलं ना! एका हाताने बाटली धरली, दुसऱ्या हाताने पोट.

मार्लिस : हे बघ, बाईच्या जन्माला आलं की हे असतंच. आणि मी काहीच केलं नाही म्हणतेस? गरम पिशवी दिली. आजीने चमचाभर ब्रँडी पाजली. मलम चोळलं...

ब्रिटा : कासेचं मलम! गाईच्या कासेला लावायचं मलम माझ्या पोटाला चोळलंस! दिवसभर वर्गात पुदिन्याचा वास. मागच्या बाकावरची सगळी पोरं हंबरत होती!

मार्लिस : थंड वाटतं त्याने. मी वर्षानुवर्षं लावलं.

ब्रिटा : आणि थांबलं?

मार्लिस : ...थांबायचं असलं की थांबायचं.

ब्रिटा : गरम पिशवी बरी वाटते, ती मी नाकारत नाही. पण दुखण्याची गोळी तू मला कधी देतेस? मी कळवळायला लागले की. तीही अर्धी. शाळेतल्या नर्सबाई म्हणाल्या, पोटात खाऊन घ्यायचं आणि सुरू होतंय असं वाटलं की लगेच घ्यायची, पाकिटावर लिहिलंय तेवढी. आत गर्भाची पिशवी आवळत असते ना, म्हणून कळा येतात. ते आवळणं जोरात सुरू व्हायच्या आधी गोळी पोटात हवी.

मार्लिस : आवळते? वेताच्या कळांसारखी?

ब्रिटा : तसंच काहीसं. फक्त वासरू नाही निघत शेवटी.

मार्लिस : मग घे ना गोळी तशी. कुणी अडवलंय?

ब्रिटा : घेतली. तीन महिने. पहिल्या दिवशी निदान उठता आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नर्सबाई म्हणाल्या, नीट गोळी घेऊनही जे दुखणं शाळा चुकवायला लावतं, ते नेहमीचं दुखणं नाही. ते डॉक्टरांनी बघायला हवं.

मार्लिस : नेलं होतं की डॉक्टरकडे! फेब्रुवारीत. बर्फातून चाळीस मैल गाडी हाकली मी.

ब्रिटा : नेलंस. त्यांनी मला विचारलं, किती दुखतं? आणि उत्तर कुणी दिलं?

मार्लिस : मी फक्त...

ब्रिटा : "माझंही असंच होतं डॉक्टर, आमच्या घरात सगळ्याच बायकांचं असंच." झालं! त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढं एक प्रश्न नाही विचारला. मला इतका राग आला ना आई, घरापर्यंत तुझ्याशी बोलले नाही, आणि तुला वाटलं मला झोप लागलीय.

मार्लिस : पण खोटं होतं का ते? माझं तसंच होतं. तुझ्या आजीचंही. ती तर कणसं खुडता खुडता मातीत आडवी व्हायची, मग उठून पुन्हा खुडायची.

ब्रिटा : आणि मी व्हायला तुला सहा वर्षं लागली. मधे दोनदा दिवस राहूनही टिकले नाहीत. हेही आजीच सांगते.

मार्लिस : त्याचा इथं काय संबंध?

ब्रिटा : असेल, नसेल. मला नाही माहीत, आणि तुलाही नाही. मी म्हणाले, आई-आजीलाही असंच व्हायचं, तर नर्सबाई म्हणाल्या की मग आधी तपासायला हवं. तू तेच सांगून माझं तपासणं थांबवलंस. एकाच वंशातल्या तीन गाई अशा आजारी पडल्या असत्या, तर तू काय म्हणाली असतीस? ह्या घरच्या गाईंचं असंच असतं?

मार्लिस : गोठा उलथापालथा केला असता.

ब्रिटा : मग? जनावरांची जत्रा एक जुलैला आहे. मोज तू, त्या तक्त्यावरच मोज. पाच तारखेपासून सव्वीस दिवस. बरोबर त्याच दिवशी मला माझ्या टिली कालवडीला घेऊन रिंगणात उतरायचंय. वर्षभर तिला दोरीवर चालायला शिकवलंय मी. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या हातात दोरी द्यायची नाहीये मला.

मार्लिस : एकोणतीस, तीस... हो गं. एक जुलैच.

ब्रिटा : मी आणखी काही मागत नाहीये. डॉक्टरांना फोन कर. आणि "माझंही असंच" म्हणून विषय मिटवू नकोस.

मार्लिस : सर बाजूला. दुधाचं झाकण लाव. आणि तो तक्ता काढून दे इकडे, खिळ्यासकट आला तरी चालेल.

(मार्लिस हात पुसते आणि गोठ्यातल्या भिंतीवरचा फोन उचलते.)

मार्लिस : हॅलो. मार्लिस गुंडरसन बोलतेय. मुलीसाठी वेळ हवी होती... ऑगस्टमध्ये? नाही बाई, ऑगस्ट नाही चालणार... बरं, तुम्ही लिहून घ्या, मी वाचते. वय सोळा. दर सव्वीस दिवसांनी. पहिल्या दिवशी खाणं बंद, दुसऱ्या दिवशी उठत नाही, तिसऱ्या दिवशी उलट्या. नऊ महिन्यांत एकदाही चुकलं नाही. गोळी वेळेवर घेऊनही... हो, शाळा बुडते... गुरुवारी कुणाची वेळ रद्द झालीय? दहा वाजता? येतो आम्ही... घरात आणखी कुणाला? हो. माझ्या आईला. मला... नाही, काही निघालं नाही. कुणी बघितलंच नाही कधी.

ब्रिटा : आई...

मार्लिस : थांब गं. हॅलो, त्याच दिवशी आणखी एक नाव लिहाल का? मार्लिस. वय सत्तेचाळीस... हो, अजूनही दुखतं.