तार जोडा, कान कायले लावता?

...नाही, आपलं म्हणणं एवढंच आहे बाप्पा, तार जोडायचा पगार घेता नं, मंग तार जोडा, कान कायले लावता? तुम्हाले सांगतो, सौंसरच्या बाजूच्या आमच्या गावात फोन म्हणजे पोस्टातले ऑपरेटर पुंडलिकराव. नंबर सांगा लागत नाही, नाव सांगा, लावून देते. अन् कोणाकडे कोणते पाहुणे येऊन राहिले, हे घरच्यायच्या आधी ह्या माणसाले माहीत!

आता माझं ऐका. मी शाळेत मास्तर, अन् जयश्री पांढुर्ण्याले कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात. लग्न करीन तं हिच्याशीच, पण तोंडातून शब्द निघत नव्हता, अन् एक दिवस समजलं का उद्याच तिले पाहाले मोहगावचे लोक येऊन राहिले. जीव खालीवर झाला हो! कार्ड टाकाव तं सारी गल्ली वाचते. म्हटलं, पोस्टातून ट्रंक कॉल लावू, खाजगी राहीन. ...खाजगी!

मी इकडून हॅलो हॅलो, तिकडून नुसती खरखर. तं मधातून पुंडलिकराव, "गुरुजी, तुमचा आवाज तिकडे जाऊन नाही राहिला. मले सांगा, मी तिले सांगतो." हे काय कापसाचा भाव विचारायचं काम आहे? पण उद्या मोहगाववाले येणार! डोळे मिटले अन् ओरडून सांगितलं, लग्न करशील का म्हणून विचारा. तिकिटं घेणारी सारी माणसं माझ्याकडे पाहून राहिली. थोडा वेळ गेला... पुंडलिकराव म्हणाले, "हो म्हणते."

सकाळच्या बसनं काकाले घेऊन मोहगाववाल्यायच्या आधी पांढुर्णा गाठलं, मागणी घातली. झालं लग्न. वर्षभरानं जयश्री भाजी निवडता निवडता म्हणते, "मी कुठं हो म्हटलं होतं? मी तं विचार करून सांगते म्हटलं होतं."

तसाच उठलो, पोस्टात गेलो. म्हटलं, पुंडलिकराव, तार जोडा, कान कायले लावता, अन् लावला तं लावला, तोंड कायले घालता? तं पुंडलिकराव सुपारी कातरत म्हणते, "मोहगाववाल्यायचं बोलणंही म्या ऐकलं होतं, गुरुजी. माणसं बरी नव्हती. अन् तुमच्या ट्रंकची तीन मिनिटं संपली होती, ती विचार कधी करन?"

घरी सुख आहे, नाही म्हणत नाही. पण कायदा आहे का नाही? तार जोडा, कान कायले लावता? छिंदवाड्याच्या मोठ्या साहेबाकडे तक्रार करासाठी ट्रंक लावला. नुसती खरखर. तं मधातून आवाज, "गुरुजी, मले सांगा, मी साहेबाले सांगतो."

...काय करता? सांगितलं. सारं सांगितलं. थोडा वेळ गेला, मंग म्हणे, "साहेब म्हणते, पुंडलिकरावचं काही चुकलं नाही."