उन्हातले सेल

प्रफुल : पण आई, डोंग्याची बॅटरी काऊन ठेवली उन्हात? तेही रेतीतल्या टिनावर, मे महिन्यात!

शोभाबाई : वरडू नको ना रे. तूच म्हणे, आज डोंगा बांबूच्या बल्लीबिगर, मोटरीवर चालन. मले वाटलं, मधातच कमजोर पडली तं? म्हणून सकाळपासून ऊन दाखवलं तिले.

हेमराज : दोघंही मांगं सरका पयले. प्रफुल, हात नको लावू. माचिस हाय का खिशात?

प्रफुल : नाई काका. अन् तुमी तं डेपोतून रिटायर झाले ना?

हेमराज : मी झालो. पण तीस साल पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत खिसे झाडून अंदर गेलो, ते सवय नाई झाली रिटायर. पाह्य, बॅटरीचा डब्बा कसा फुगला.

शोभाबाई : फुगली म्हंजे रुसलीच ना? तुहा बाप म्हणे, सेल रुसले का ऊन दाखवाव. मंग सांजच्याले रेडिओ बरोबर वाजे.

प्रफुल : ते सेल वेगळे, आई. हे लिथियमची बॅटरी हाय. फुल भरून तापवली का आत गॅस होते. कधी पेटन, सांगता येत नाई.

शोभाबाई : अगे माय! मंग उचल ना तिले!

हेमराज : उचलू नको! आमच्याकडं एकच कायदा. माल बिघडला का मालाले हलवाचं नाई, बाजूची चीज हलवाची. डोंगा वढ तिकडं, दूर. बॅटरी राह्यते रेतीतच.

प्रफुल : काका, धूर नाई, वास नाई. एकच फेरी मारू द्या ना. रात्रीची गाडी हाय माही. बल्ली मारून मारून आईचा खांदा गेला. एकडाव तं बसून पाहू द्या तिले.

हेमराज : अन् डोहाच्या मधात पेटली तं? लाकडाचा डोंगा, बाप्पा. कुठं उतरशीन मायले घेऊन?

प्रफुल : मंग सोबत पुण्याले नेतो. बदलून आणतो.

हेमराज : रेल्वेत? बायकापोरं बसतेत त्या डब्ब्यात! फुगलेला माल गाडीत चढत नाई. कंपनीले फोन कर, इचार काय कराचं ते. तवरोक मी बसतो इथं दुरून राखण करत.

शोभाबाई : म्या नास केला रे. दोन साल राबला तू त्या मोटरीसाठी.

प्रफुल : तुही नाई, माही चूक हाय. सावलीत ठेवजो, अर्धीच भरून ठेवजो, असं सांगाले पायजे होतं. मी निस्तं म्हटलं, जपून ठेवजो.

शोभाबाई : जपूनच तं ठेवली.

प्रफुल : ...हो ना माय. चाल, बस डोंग्यात. बल्ली मले दे.

शोभाबाई : मी बसू? इतके लोकं पार केले, पण बसून कधी गेली नाई. एकडाव फक्त, लगन झालं तवा. तुह्या बापानं बसवलं होतं.

प्रफुल : मंग आज मी बसवतो.

(डोंगा पाण्यात.)

शोभाबाई : हळू रे, तिरपा चालला! तुहा बाप कसा, एका हातानं बल्ली अन् दुसऱ्या हातात रेडिओ. ब्याण्णव साली घेतलेला. पलीकडचा काठ आला तरी लोकं उतरत नव्हते. म्हणत, थांब तानबा, गाणं संपू दे.

प्रफुल : आठवते ना मले. मीबी नव्हतो उतरत.

शोभाबाई : आता कोणाले उतराची घाई, कोणाले चढाची.

प्रफुल : आई, इथं समोर फळीवर हे दोन सेल कायचे?

शोभाबाई : रेडिओचेच. तुहा बाप गेला तवापासून रोज ठेवते मी उन्हात. चार साल झाले. रेडिओ तं वाजत नाई... पण सवय पडली. काढू काय रे सावलीत?

प्रफुल : नको. ते राहू दे उन्हात.