कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या एकोणीस चुका

नाव: पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे. वय: ६३ वर्षे. व्यवसाय: चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. राहणार: दुसरा मजला, धुलाईच्या दुकानामागची इमारत.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, कोणाच्याही दबावाखाली न येता, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी आणि माझी पत्नी, वय ६१, असे दोघेच राहतो. पत्नी एका विमा कचेरीत फायली लावण्याचे काम करीत असे. ते तिने तीन वर्षांपूर्वी सोडले. आम्हाला मूलबाळ नाही. हे अंमलदारांनी विचारले म्हणून सांगितले, ठोकळ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

आम्ही दोघे गेली अकरा वर्षे प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे सेट आणून जोडतो. अंमलदारांनी प्रथम 'खेळणी' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. ते म्हणाले, "काका, मग काय लिहू?" मी म्हणालो, "ठोकळे लिहा. आमच्या खोक्यावर अठरा वर्षांवरील असं छापलेलं असतं." त्यांनी ठोकळे लिहिले. आमच्यासारख्यांचा एक गट आहे. चौदा जण आहेत आणि सर्वात लहान सभासद बेचाळीस वर्षांचा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत भेटतो, जोडलेले एकमेकांना दाखवतो, उरलेसुरले ठोकळे बदलून घेतो आणि घरी वेळेवर पोचत नाही.

ज्यांच्या हाताला इजा झाली ते गृहस्थ याच गटातले आहेत. अंमलदारांनी त्यांना 'सदर इसम' लिहिले आहे. आम्ही त्यांना ओळंबा म्हणतो. ते बांधकामावर देखरेख करीत आणि निवृत्त झाल्यावरही एक डोळा मिटून भिंती बघतात. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाणी पिण्याआधी त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर सरळ केले. माणूस सोन्यासारखा आहे. माझ्या पत्नीला ते वहिनी म्हणतात आणि आमच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असते.

आमची जोडायची पद्धत अशी होती. पत्नी सूचनांचे पुस्तक बघून त्या पानाला लागणारे ठोकळे वाट्यांमध्ये निवडून देई आणि मी बसवीत असे. तिची निवड कधी चुकली नाही. कचेरीतही तिने लावलेली फाईल डोळे मिटून काढावी अशी असे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिने पिवळे आणि पांढरे एकाच वाटीत टाकले आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ते निवडून वेगळे केले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच झाले. डॉक्टरांनी तपासण्या करून विस्मरणाचा आजार सांगितला आणि हा पुढेच जाणार, मागे येणार नाही, असेही सांगितले. गटात मी हे कोणाला कळू दिले नाही. वहिनी का येत नाहीत असे कोणी विचारले की गुडघे दुखतात म्हणून सांगत आलो. मला कोणाची कीव नको होती. तो दोष माझा आहे आणि तो माझ्याच नावावर लिहावा.

त्यानंतर आम्ही कामे बदलली. मी निवडून द्यायचे, तिने बसवायचे. दाबून बसवताना होणारा टक् आवाज तिला आवडतो. ती चुकीच्या जागी बसवे आणि ती झोपली की मी गुपचूप सगळे दुरुस्त करीत असे. एकदा उठून आल्यावर तिने ते ओळखले. सकाळी काय खाल्ले ते तिला सांगता येत नव्हते, पण हे ओळखले. म्हणाली, "मी लावलेलं तुम्ही काढलंत. मग मला बसवता कशाला इथे?" नऊ दिवस ती टेबलाशी आली नाही. त्या नऊ दिवसांत माझी काय गत झाली ते इथे लिहिण्यासारखे नाही. मी तिला शब्द दिला की तिने लावलेला ठोकळा यापुढे मी हलवणार नाही. तो मी चौदा महिने पाळला.

त्या चौदा महिन्यांत आम्ही एकच सेट घेऊन बसलो होतो. रस्त्याच्या कोपऱ्यावरची तीन मजली इमारत, खाली केशकर्तनालय, वर बिऱ्हाडे, वर गच्ची. एक ठोकळा चुकला की पुढच्या पानावरचे बसत नाही. तेव्हा मी रविवारी जादा ठोकळ्यांच्या डब्यातून तुकडे शोधून तिची चूक तशीच ठेवून पुढची भिंत तिच्यावर पेलायचो. कधी एका चुकीपायी अख्खी सुट्टी गेली. इमारत एका अंगाला कलली होती, पण उभी होती. गच्ची तेवढी राहिली होती.

गेल्या गुरुवारी पत्नीला ताप भरला म्हणून रुग्णालयात ठेवावे लागले. मी तिच्याजवळ राहिलो. कुंड्यांना पाणी घाला, असे ओळंब्यांना फोनवर सांगितले. तापामुळे ती फारच गोंधळली होती. दोन दिवस तिने मला ओळखले नाही, मला वॉर्डबॉय समजून ती पाणी मागत होती. मी आणून देत होतो.

ताप उतरला आणि शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही घरी आलो. ओळंबा टेबलाशी उभे होते. इमारत पूर्ण झालेली होती. गच्ची झाली होती, भिंती सुतात होत्या, आत दिवेही लावले होते. त्यांनी दोन दिवस बसून ती तळमजल्यापर्यंत उतरवली होती आणि पुस्तकाबरहुकूम पुन्हा चढवली होती. जादा निघालेले तुकडे पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली होती. ते म्हणाले, "वहिनी, बघा कशी उभी राहिली!" मग मला म्हणाले, "अहो, एकोणीस चुका होत्या. एकूण एक काढल्या. चष्मेवाल्याचीच नजर गेली म्हणायची!" त्यांना त्या चुका माझ्या वाटल्या. वाटणारच. मीच गुडघे सांगितले होते.

मी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. ते मागे स्टुलावर आणि स्टुलावरून उजव्या हातावर पडले. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी रागात होतो हे खरे आहे. त्यांना इजा व्हावी असे मनात नव्हते, हेही खरे आहे, पण पहिले अधिक खरे आहे. ते ओरडले नाहीत. खाली बसूनच त्यांनी विचारले, "माझं काय चुकलं?" मी सांगितले. तेव्हा त्यांचे तोंड जे उतरले ते हात मोडल्याने उतरले नव्हते. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गाडी बोलावली आणि त्यांना रुग्णालयात नेले.

रुग्णालयात त्यांनी सांगितले की, फरशीवरच्या ठोकळ्यावर पाय पडून घसरलो. डॉक्टरांना ते पटले नाही म्हणून त्यांनी ठाण्यात कळवले. अंमलदार मला म्हणाले, "ते घसरले म्हणताहेत, तुम्ही कशाला अंगावर घेता? सही करा आणि घरी जा." मी नकार दिला. ओळंबा खोटे बोलत आहेत. आमच्या घरी फरशीवर ठोकळे नसतात. त्यांची आमच्याविरुद्ध काही तक्रार नाही आणि माझी त्यांच्याविरुद्ध नाही. पण धक्का मी दिला. तो कशासाठी दिला हे कुठेतरी लिहिलेले असावे, म्हणून मी आज दुकानातून रजा घेऊन आलो आहे.

त्या एकोणीस चुका माझ्या नव्हत्या आणि चुकाही नव्हत्या. त्या पत्नीच्या होत्या. त्यांचे छायाचित्र माझ्याजवळ नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचे छायाचित्र काढावे हे मला सुचले नाही. मी विनंती केल्यावरून अंमलदार मला आठवतात त्या लिहून घेत आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे दार बाहेरच्या बाजूला उघडत होते, तिथे पायरी नव्हती. केशकर्तनालयाचा आरसा रस्त्याकडे तोंड करून होता. मागच्या राखाडी भिंतीत तीन लाल ठोकळे होते, ते तिने एकाच दिवशी लावले, त्या दिवशी ती खूप हसत होती. जिन्याखाली पलंग होता. तिथे कोणी झोपतं का, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, "ज्याला जिना चढवत नाही तो." एक खिडकी उलटी होती. दोन खुर्च्या बाथरूममध्ये समोरासमोर होत्या. इतक्याच आठवतात. बाकीच्या माझ्याही लक्षात राहिल्या नाहीत. त्या आता कोणालाच ठाऊक नाहीत, कारण जिने लावल्या तिलाही ठाऊक नाहीत.  अंमलदारांनी पाणी दिले.

ओळंब्यांना गाडीत बसवून मी वर आलो तेव्हा पत्नी टेबलाशी उभी होती. मला वाटले होते ती ओळखेल आणि पुन्हा नऊ दिवस बोलणार नाही. मी त्याची तयारी ठेवली होती. खरे तर ओळखावे असेच मला वाटत होते. तिने दिवे लागलेल्या खिडक्यांमधून एकेक करून आत पाहिले. मग विचारले, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "तू."

"सगळं?"

"सगळं."

ती म्हणाली, "मग मी बरी झाले की हो." आणि खुर्ची ओढून बसली. जेवायला हाक मारली तरी उठली नाही.

माझा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे. यात पत्नीला दिलेली दोन उत्तरे तेवढी खोटी आहेत. ती दुरुस्त करू नयेत.

सही