रुचानं अडवलेलं बक्षीस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष श्री. पुरुषोत्तमराव, प्रमुख पाहुण्या आणि रुचाच्या प्रोफेसर डॉक्टर हॉलिस, सत्कारमूर्ती कुमारी, नव्हे, गेल्या महिन्यापासून डॉक्टर रुचा बोकारे, आपल्या मराठी मंडळाचे सर्व पदाधिकारी, आणि मागच्या दारातून येणाऱ्या मसालेभाताच्या वासामुळे माझ्याकडे निम्मंच लक्ष असलेल्या माझ्या पिस्कॅटवेकर बंधुभगिनींनो,

पुरुषोत्तमरावांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. या मोरेश्वरला दहा मिनिटं देणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ते घड्याळ काढून बसलेत. डॉक्टर हॉलिस यांना मराठी येत नाही. तेव्हा मी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली की आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, म्हणजे त्यांचं कौतुक चाललंय हे त्यांना कळेल. हं, वाजवा. थँक यू.

रुचा नागपूरची. इथं अमेरिकेत, आपल्या गावच्या विद्यापीठात व्यायाम आणि हाडं या विषयावर संशोधन करायला आली. आता मला सांगा, हाडांवर संशोधन करायला कुणी सातासमुद्रापार येतं का? आमच्या लहानपणी हाडं मोडली की लक्षात यायची, एरवी ती असतात हेसुद्धा माहीत नसायचं. पण ही मुलगी मंडळात आली आणि महिन्याभरात दर शनिवारी याच हॉलमध्ये आपल्या बायकांचा वर्ग सुरू केला. नुसतं चालणं नाही हं! हातात वजनं, खुर्चीवरून उठबस, पायऱ्या चढणं-उतरणं. सुरुवातीला वजनं कुठून आणणार? मग मसाल्याची पाकिटं आली, गुळाच्या ढेपा आल्या. एका शनिवारी तर मी डोकावलो तेव्हा दहा बायका हरभऱ्याच्या डाळीच्या पिशव्या डोक्यावर धरून उभ्या होत्या. मला वाटलं, किराण्याच्या दुकानात काही भानगड झाली.

रुचाचं म्हणणं सोपं होतं. ती म्हणायची, "काका, हाडांची बरणी असते. लोणच्याची कशी हंगामात भरून ठेवतात, तशी ही पंचविशी-तिशीपर्यंत भरायची. उड्या मारून, धावून, खेळून. मग पुढं ती हळूहळू रिकामी होते, आणि बायकांची पन्नाशीनंतर भराभर. व्यायामानं झाकण घट्ट बसतं नं!" म्हणून ती तुमच्या पोरांना पार्किंग लॉटमध्ये लंगडी खेळायला लावायची. माझा शेजारी प्रसन्न याच्या मुलाला मी विचारलं, "काय रे, रुचाताईनं काय शिकवलं?" तर म्हणाला, "She makes us hop, like, forever." मी म्हटलं, बरणी भरतेय, भरू दे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. हे सांगायला मी घरून परवानगी घेतली आहे. फोनवर घेतली, कारण आमच्या सौभाग्यवती नीलांबरी सध्या क्युपर्टिनोला आहेत. त्या इथे नाहीत हे माझ्या शर्टाच्या इस्त्रीवरून आपण ओळखलंच असेल.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळानं 'वजन उतरवा' स्पर्धा घेतली. आठवतेय ना? दसऱ्याला वजन करायचं, गुढीपाडव्याला पुन्हा करायचं, आणि जिचं सगळ्यात जास्त उतरेल तिला साडी. वजनकाटा आणि निकाल रुचाकडे. नीलांबरीनं ही स्पर्धा फारच मनावर घेतली. आमच्या घरात उपवासांची रांग लागली. सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, चतुर्थी आणि एकादशी वेगळ्याच. उरलेल्या दिवशी उकडलेला दुधी. रुचाच्या वर्गाला जाणंही बंद केलं, कारण व्यायाम केला की भूक लागते! पाडव्याआधी ती इतकी उतरली की जो भेटेल तो म्हणे, "अय्या नीलांबरी, किती बारीक झालीस गं!" आपल्याकडे यापेक्षा मोठी पदवी नाही. पीएच.डी. त्याच्यानंतर.

स्पर्धेतल्या सगळ्या जणी रुचाच्या अभ्यासातही होत्या. डॉक्टर हॉलिस यांच्या लॅबमध्ये एक मशीन आहे. त्याच्यावर निवांत पडून राहायचं, आणि ते चरबी किती, स्नायू किती, हाडं किती हे वेगवेगळं सांगतं. (टाळ्या. थँक यू, डॉक्टर.) पाडव्याला रुचा माइकपुढे आली. साडी तबकात. नीलांबरी पदर सारखा करून पहिल्या रांगेत. आणि रुचा म्हणाली, "बक्षीस शोभाकाकूंना."

शोभाताईंचं वजन एका पौंडानंही उतरलं नव्हतं! हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो आपण ऐकलाच आहे, काहींनी केलाच आहे. रुचा शांतपणे म्हणाली, "काकूंची चरबी उतरली आणि तितकेच स्नायू चढले. काट्याला फरक कळत नाही, शरीराला कळतो." शोभाताई स्वतःच ओरडल्या, "अगं, मला नको, लोक काय म्हणतील!" पुढचे कित्येक शनिवार वर्गाला चिटपाखरू फिरकलं नाही. एवढीशी पोरगी, विद्यार्थिनी, घरापासून इतक्या लांब, आणि सगळ्या काकू तिच्यावर रुसलेल्या. ती मात्र दर शनिवारी येऊन हॉल उघडायची, खुर्च्या मांडायची.

त्याच आठवड्यात ती आमच्या घरी आली. नीलांबरीनं दार उघडलं, पण बस म्हटलं नाही. रुचा उभ्यानंच म्हणाली, "काकू, मला स्टेजवर हे बोलायचं नव्हतं. तुमचं वजन उतरलं, पण त्यात चरबी थोडी आणि स्नायू जास्त गेले. आणि हाडं फार विरळ दिसतायत. तुम्ही डॉक्टरांकडे जा, प्लीज. माझ्यावर रागवा, पण जा." नीलांबरी रागावली. पण गेली. डॉक्टरांनी तेच सांगितलं, वर म्हणाले, जपा, पडलात तर खुबा मोडेल.

आणि पुढच्या हिवाळ्यात सावनीचा, आमच्या लेकीचा, क्युपर्टिनोहून फोन आला. गोड बातमी होती. नीलांबरी आनंदानं म्हणाली, "मी येते बाळंतपणाला. बाळाला पायांवर घेऊन मीच न्हाऊ घालणार." मग सावनी म्हणाली, "आई, you don't have to. तू नुसती ये, बस, आराम कर. बाळाला उचलायचं वगैरे नको. आम्ही नॅनी ठेवतोय." पोरीनं काळजीनंच म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर नीलांबरी सिंकपाशी पाठमोरी उभी राहिली आणि कितीतरी वेळ एकच भांडं घासत राहिली. मित्रहो, मी त्या दिवशी घाबरलो. तिची हाडं मोडतील म्हणून नाही. तीच मोडेल म्हणून.

मग तिनं स्वतः रुचाला फोन केला. "काय करायचं ते सांग. आणि सावनीला कळता कामा नये."

आणि आमच्या दिवाणखान्यात जे सुरू झालं त्याचा मी साक्षीदार आहे. डॉक्टरांना विचारून, ओट्याला धरून, हळूहळू. आधी उंच खुर्ची, मग ठेंगणी, मग पाट. उपवास गेले, दूध-उसळी आल्या. शेवटी रुचानं दहा पौंडाची तांदळाची पिशवी जुन्या साडीत गुंडाळली आणि म्हणाली, "काकू, हे बाळ. हे घेऊन पाटावरून उठायचं, हात न टेकता." मी मागे विकेटकीपरसारखा हात पसरून. एकदा ते बाळ फुटलं! सगळ्या कार्पेटभर बासमती. नीलांबरी इतकी हसली की मलाच तिला धरावं लागलं. आजही आमच्या व्हॅक्युम क्लीनरमधून दाणे निघतात.

रुचा कधी खोटं बोलली नाही, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. पुन्हा मशीनवर पाहिलं तेव्हा म्हणाली, "हाडं फारशी वाढली नाहीत काकू. पण घसरणं थांबलंय. आणि मांड्यांत जोर आलाय, तोल सुधारलाय. न पडणं हे अर्धं काम आहे." तोवर शनिवारचा वर्गही पुन्हा भरला होता. पुढे होऊन सगळ्यांना घेऊन येणाऱ्या होत्या शोभाताई.

पुरुषोत्तमराव, दिसलं मला घड्याळ.

रुचा आता नागपूरला परत चालली आहे, तिथल्या बायकांची हाडं पाहायला. नागपूरकर बायकांनो, सावध! पोरी, आम्ही तुला पोळीभाजीचे डबे दिले, थंडीत कोट दिले, आणि एकदा चांगलंच वाईट वागवलंही. तू सगळं घेतलंस आणि खुर्च्या मांडत राहिलीस. तुझं ऋण मान्य करायला मला लाज वाटत नाही.

अध्यक्षांचे, डॉक्टर हॉलिस यांचे, स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आणि इतका वेळ भूक आवरणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं वय किंवा वजन चुकून खरं सांगितलं गेलं असेल, तर घरचा माणूस म्हणून सांभाळून घ्या.

एक राहिलं. आज सकाळी नीलांबरीचा फोन होता. म्हणाली, "अहो, माझं एवढं सांगणं सगळ्यात शेवटी सांगा, आणि त्याच्यानंतर तुम्ही काही बोलू नका." मी बायकोचं ऐकतो, ते असं:

"रुचा, त्या पाडव्याला तू मला साडी दिली असतीस, तर मी खूश झाले असते आणि आज लेकीच्या घरी पाहुणी म्हणून सोफ्यावर बसले असते. आज मी नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. सावनी दारात उभी होती, हात पुढे करून. मी बाळाला घेऊन उठले आणि तिला म्हटलं, सरक गं, मला जाऊ दे."