काटा दोनवरून सातवर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या ग्रंथालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरचे तिन्ही पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, आणि हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय ते मामा आत्ताच हार-गुच्छ खुर्चीत ठेवून तळघरात गेले, हे तुम्ही पाहिलंच. जाता जाता माझ्या कानात म्हणाले, "मी सांगेपर्यंत बोलत राहा, कुणाला उठू देऊ नकोस." तेव्हा माझं भाषण लांबलं तर बोल त्यांना लावा.

हसलात, बरं वाटलं.

मी इथली बॉयलर ऑपरेटर. अकरा वर्षं मामांच्या हाताखाली. पहिल्या दिवशी मी बॉयलरला हात जोडले, तर म्हणाले, "पोरी, पाया कसली पडतेस? काट्याकडे बघ." तेवढीच दीक्षा.

पाहुण्यांना सांगायला हवं, या पाच मजल्यांवर एकशे शहाऐंशी रेडिएटर आहेत. पूर्वी प्रत्येकाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी एक ट्रॅप असायचा. वाफ गार होऊन तिचं पाणी झालं की पाणी जाऊ द्यायचं आणि वाफ अडवायची, एवढंच त्याचं काम. पण तो पडला पहारेकरी, झोपला की झोपला. एक बदलावा तर दोन बिघडायचे. वाचनकक्षात पाइप असे ठोके द्यायचे की वाचणारी माणसं "या, आत या" म्हणायची.

मग मामांनी काय केलं? वाफ जिथून आत येते त्या तोंडाशी पितळेची चकती बसवली. मधोमध बारीक भोक, प्रत्येक रेडिएटरच्या मापाचं. तो जेवढी वाफ पचवेल तेवढीच आत. मी विचारलं, "आणि ट्रॅप?" तर म्हणाले, "अगं, भुकेपुरतंच वाढलं तर ताटात उरतंय काय?" ट्रॅपच्या पोटातलं सगळं त्यांनी काढून टाकलं. कवचं मात्र जागच्या जागी ठेवली, कारण ती काढायची तर पाइप कापावे लागले असते. दोन उन्हाळे आम्ही दोघं तेच करत होतो. त्यानंतर आठ हिवाळे ही इमारत गप्प होती.

अट एकच, वाढणाऱ्याचा हात आखडता हवा. बॉयलरच्या दाबाचा काटा दोन पौंडांच्या वर जाता कामा नये. गेला, की भोकातून जादा वाफ घुसते, आणि पुढे तिला अडवायला आता कुणीच नाही. ती परतीच्या पाइपात उतरते. तिथं गार पाणी असतं. मग ते पाणी पाइपातून घणासारखं धावत सुटतं.

हो, हाच तो आवाज.

साहेब, बसा. तुमची चिठ्ठी मिळाली, "आवरा" लिहिलंय. आवरतेच. पण माझं सकाळचं तेवढं राहिलंय.

सकाळी हुकूम आला. बाहेरचे पाहुणे येणार, कोट घालून बसावं लागायला नको, काटा सातवर न्या. मी म्हटलं, साहेब, ट्रॅप पोकळ आहेत. साहेबांनी नकाशा उघडला. नकाशावर एकशे शहाऐंशी ट्रॅप. मला हाताला धरल्यासारखं या भिंतीशी आणलं आणि म्हणाले, "हा काय, दिसतोय ना? की डोळ्यांचा नंबर वाढलाय?" दिसत होता. पान्याचा एक फेरा दिला असता तर आत काही नाही हे त्यांनाही दिसलं असतं.

मी पाना काढला नाही. का? उद्यापासून मामांची जागा मला मिळणार आहे. त्यावर साहेबांची सही व्हायचीय. पहिल्याच दिवशी वाकड्यात कशाला शिरा, म्हटलं. मामांनाही फोन केला नाही. काटा मी या हातांनी सातवर नेला.

मघाशी गुच्छ घेताना पहिला ठोका पडला. तुम्हाला टाळ्यांत ऐकू आला नाही, त्यांना आला. मला विचारलं, "कितीवर?" मी म्हटलं, "सात." अकरा वर्षं पानाही चुकीचा ठेवला तर ओरडणारा माणूस, गुच्छ खुर्चीत ठेवला आणि तळघराकडे निघाला.

अहो, तुम्ही, दाराजवळचे, जागेवर बसा! त्या दाराबाहेरच्या बोळाच्या फरशीखालूनच परतीचा पाइप जातो. बिडाचा आहे, जुना, अशा ठोक्यांनी फुटू शकतो. म्हणून तुम्हाला बसवून ठेवलंय. मामांनीच वॉचमनला मागच्या दाराची किल्ली आणायला पाठवलंय.

जाळ मामांनी केव्हाच बंद केला असेल. पण भरलेली वाफ कुठं जाणार? वाफेची झडप एका दमात आवळली तर पाणी आणखी जोरात धावतं. पाव पाव फेरा द्यायचा, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा पाव फेरा. आणि ठोके तर जवळजवळ पडायला लागलेत.

काय म्हणालात, मामी? झडप कुठं आहे? त्या परतीच्या पाइपाला लागूनच. हातभर अंतरावर.

वॉचमन आला. दार उघड रे, दोन्ही फळ्या. मागच्या रांगेपासून उठा, एकेक रांग, भिंतीला हात न लावता. साहेब, पाहुण्यांना तुम्ही घेऊन चला. मामी, तुम्ही सगळ्यांच्या पुढं व्हा. नाही म्हणू नका. तुम्हाला सगळ्यांत आधी बाहेर काढ, असं त्यांनी सांगितलंय.

आपण सगळे आलात, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. करण्यात जे झालंय त्याची माफी मी इथं मागत नाही. ती मागायला खाली जातेय.