सोन्याचा चमचा

आमच्या घरी सोन्याचा चमचा आहे म्हटलं तर तुम्ही हसाल, पण खरंच आहे.

गौरीच्या सणाला थोरल्या महालक्ष्मीसाठी मी तांब्याच्या तारेचे झुमके केले होते. त्यांना सोन्याचं पाणी चढवायला एक छोटी बाटली ऑनलाइन मागवली आणि बाबांच्या फवारणी पंपाची बॅटरी आणली. एका वायरला झुमके, दुसरीला स्टीलचा चमचा बांधून दोन्ही त्या पाण्यात सोडले.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "अगं, चमचा काहून पिवळा होऊन राहिला?"

मी बॅटरीला वायरी उलट्या जोडल्या होत्या, म्हणून सोनं झुमक्यांऐवजी चमच्यावर चढलं होतं. झुमके काळेठिक्कर पडले होते आणि बाटली तर संपली होती. मला रडूच आलं.

"रडू नको. लक्ष्मीला तुझेच झुमके घालायचे," असं म्हणून आईनं ते खरंच घातले. चमचा हळदीकुंकवाच्या ताटात ठेवला.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "वैनी, लक्ष्मीचे कानातले असे काळे काहून?"

मी हळूच दाराआड झाले.

आई शांतपणे म्हणाली, "घरात सोन्याचा चमचा हाय ना बाई! कुणाची नजर लागू नये म्हणून."